रिमोटवरची चौथी खूण

जना गेला, हे त्याच्या मेव्हण्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण लागलेला होता. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, असं तो म्हणाला. पहिलं माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, आता त्याला सांगायचं राहून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, त्याहून वाईट... बरं झालं, आता सांगावं लागणार नाही. सांगायचं होतं ते एवढंच की जानेवारीत किन्हवलीच्या खळ्यावर तो आयुष्यातली शेवटची शर्यत हरला, तो माझ्यामुळे. त्याला मात्र वाटत राहिलं की त्याचा हातच गेला. तीन महिने मी त्याला तसं वाटू दिलं. अर्धी दाढी तशीच ठेवून मी त्याच्या घरी गेलो.

जनार्दनचं शहापूरच्या बाजारपेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. अकरा वर्षांपूर्वी घरची जळलेली पाण्याची मोटर घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तर हा पठ्ठ्या ती बाजूला सारून हातभर लांबीच्या रिमोटच्या गाडीची स्प्रिंग बदलत बसलेला. माझं डोकं फिरलं. "घरात पाण्याचा थेंब नाही आणि तुम्ही खेळत बसलात?" म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, मोटर तुमची सांजच्याला भेटल. ही गाडी तीन दिस एका अंगाला झुकते, मला झोप नाय." मग त्याने कपाटाच्या दाराचा काढलेला आरसा टेबलावर आडवा ठेवला, गाडी त्यावर ठेवून हलकेच दाबली आणि सोडली. "बघा, डावी बाजू आळशी हाय. उशिरा उठते." मी वाकून बघितलं. खरंच डावी बाजू केसभर उशिरा वर येत होती. त्या दिवशी वाकलो तो आजपर्यंत सरळ झालो नाही, असं माझी बायको म्हणते.

आमच्याकडे भात झोडून झालं की खळी मोकळी पडतात. शहापूरचे आणि मुरबाडचे आम्ही दहाबारा जण, सगळे मिशा पांढऱ्या होत आलेले बाप्ये, एखाद्याचं खळं मागून घ्यायचो. ते शेणाने सारवायचं, पाण्याचे जुने पाइप अर्धे पुरून वळणं आखायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून गाड्या पळवायच्या. प्रत्येक खळं वेगळं. कुठे सारवण ओलसर, गाडी घसरते. कुठे ऊन लागून कडक, चाकं पकडून धरतात. रिमोटवर एक छोटी चकती असते, स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं किती वळतील ते तिच्यावर ठरतं. मी जनाला त्या चकतीसाठी आकड्यांचा छान तक्ता करून दिला होता. त्याने तो घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. "आकडा इसरतो मास्तर, जागा नाय इसरत," म्हणाला. त्याने चकतीभोवती पांढरी चिकटपट्टी लावली, पेनाने तीन रेघा मारल्या आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात खळ्याचं गाव लिहिलं. तानसा, किन्हवली, मुरबाड. त्याचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या रिमोटला हात लावायचा तर आधी सांगायचं. एवढा गरीब माणूस, पण त्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात निघाला. तांब्याची तार गुंडाळायला त्याला दुप्पट वेळ लागू लागला. गाडी तो तयार करायचा आणि चालवायला मला द्यायचा. मी भिकार चालवायचो. मुरबाडचा दत्तू दर वेळी मला मागे टाकायचा आणि वर चहाही पाजायचा. या जानेवारीत जना अचानक म्हणाला, "यंदा मीच चालवतो. हात हाय तवर एकदा." निघायच्या आदल्या दिवशी जनाच्या बायकोने, सुनंदा वहिनींनी, मला दारात गाठलं. "भाऊजी, चार लोकांत हसं नका होऊ देऊ यांचं." मी म्हणालो, मी आहे ना. हे तीन शब्द फार सहज निघाले तोंडातून.

किन्हवलीला सरावात जनाची गाडी सरळ पट्ट्यावर नागमोडी जायला लागली. हाताची थरथर जशीच्या तशी चाकांत उतरत होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. जनाने ऐकलं, त्याचे कान लाल झाले. शर्यतीआधी गोळी घ्यायला म्हणून तो विहिरीकडे गेला आणि रिमोट माझ्या हातात देऊन गेला. मी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी ती चकती 'किन्हवली'वरून अंगठ्याने मागे सरकवली... फार नाही, बोटाच्या पेराच्या निम्मी. चाकं कमी वळली की थरथर दिसणार नाही, असा माझा हिशेब. सरळ पट्ट्यावर चाकं कमी वळणार म्हणजे वळणावरही कमीच वळणार, हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. गणिताच्या मास्तराला त्या क्षणी कळलं नाही.

पहिल्या फेरीत गाडी सरळ पट्ट्यावरून दोरी ओढल्यासारखी गेली. हसणारा गप्प झाला. दुसरी, तिसरी, चौथी... जना पुढे, दत्तू हातभर मागे. बांधाशेजारी एक आवळ वळण होतं, तिथे जना गाडी हळू करून काढत होता. मला माझी चूक चौथ्या फेरीत कळली, त्या वळणावर गाडी पाइपाला जवळजवळ घासून गेली तेव्हा. ओरडून सांगावं असं वाटलं. पण काय ओरडणार? सगळ्यांसमोर? मी ट्रॉलीची कड धरून उभा राहिलो. शेवटच्या फेरीत दत्तू अगदी चिकटला, म्हणून जनाने वेग न तोडता गाडी वळणात घातली. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. त्याने स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं होतं. गाडी वळली नाही. पाइपावर चढली, उलटली आणि चारी चाकं हवेत फिरत राहिली. दत्तू निघून गेला.

जनाने गाडीकडे बघितलं नाही, रिमोटकडेही नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "पुरा वळवला रे मी... निदान मला तसं वाटलं. हातानं ऐकलं नाय." ट्रॉलीतून उतरून त्याने रिमोट पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. वाटेत सांगू म्हटलं, तर वाटेत तो खिडकीला डोकं लावून डोळे मिटून बसला. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रिमोट दुकानातल्या खिळ्यावर टांगलेला होता, वर त्याचा पंचा. मी रोज जाऊ लागलो, निदान चकती तरी गुपचूप जागेवर आणावी म्हणून. एकदा खिळ्याकडे हात नेला, तर मान वर न करता तो म्हणाला, "राहू दे मास्तर." मी हात मागे घेतला. मार्चमध्ये एकदा त्याने सरळच विचारलं, "काय बोलायचं हाय का?" मी म्हणालो, "नाही, सहज आलो."  तो थरथरत्या हाताने तार गुंडाळत माझ्याकडे बघत राहिला, चहावर साय धरेपर्यंत. मग "बरं" म्हणाला आणि खाली मान घातली. त्या 'बरं'वर मी किती रात्री जागलो आहे...

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी वहिनींनी दुकान उघडलं आणि मला बोलावून घेतलं. पंचासकट रिमोट माझ्या हातात ठेवला. "तुमीच न्या. दुसरं कोण हाय त्याला?" मी पंचा बाजूला केला. चकती मी सरकवली होती तिथेच होती. तिच्यासमोर चिकटपट्टीवर चौथी रेघ होती, वाकडीतिकडी, आणि पुढे हलत्या हाताने काढलेली अक्षरं. 'मास्तर'.

 मी त्याच्याच स्टुलावर बसलो.

"वहिनी, ही चकती मी फिरवली होती," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून निघालं, आणि ऐकायला तो नव्हता.

"म्हाइत होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "शर्यतीच्या चारच दिसांनी रिमोट काढून बघितला. काय खूश झाले! हात गेला नाय माझा सुनंदा, बोलले. मी बोल्ले, मग इचारा ना मास्तरांना. तर बोलले, नको. त्याचं त्यालाच सांगू दे."

"मग परत गाडी का नाही चालवली त्याने?"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "तुमी सांगितल्यावर चालवणार होते."

रिमोट आता माझ्या घरी खिळ्यावर आहे, वर त्याचा पंचा. परवा दत्तूचा फोन आला होता. पुढच्या हंगामात जनाची गाडी आणा, म्हणाला. मी पंचा काढून चकतीवर अंगठा ठेवला. ती 'किन्हवली'वर आणायची होती. पण दुसऱ्याच्या रिमोटला हात लावायचा तर आधी सांगायचं, असा त्याचा नियम होता... मी अंगठा काढून घेतला.