जपानी नाद

माणसाने एखाद्या गोष्टीला तुच्छ मानायचं ठरवलं तर मनापासून मानावं, त्यात काटकसर करू नये, असं माझं मत आहे. मला न आवडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पांचट चहा, लग्नात डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाने सांगितलेले प्राणायामाचे फायदे. पण या सगळ्यांच्या वर, गादीवर लोडाला टेकून बसलेलं एक जपानी कार्टून आहे, आणि त्याचे दरवर्षी न चुकता निघणारे पिक्चर आहेत.

परभणीत आता या कार्टूनशिवायचं घर सापडणं कठीण. त्यात एक चौथीतला मुलगा आहे. माझी पुतणी पहिलीत होती तेव्हा तो चौथीत होता. ती दहावी झाली, एम.एस्सी. झाली, ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागली, तरी हा पठ्ठ्या अजून चौथीत. आमच्याकडे एखादा मुलगा इतकी वर्षं एका इयत्तेत बसला असता तर बापाने त्याला रसवंतीवर कामाला लावलं असतं. जपानमध्ये त्याचे पिक्चर काढतात.

वर्षभर टीव्हीवर हा मुलगा रडका, आळशी आणि भित्रा असतो. वर्षातून एकदा पिक्चर निघतो, त्यात तो समुद्राच्या तळाशी, चंद्रावर किंवा ढगांतल्या एखाद्या राज्यात जातो, दीड तास शूर होतो, तिथे भेटलेल्या नव्या मित्राचा रडत रडत निरोप घेतो आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येतो. पुढच्या सोमवारी टीव्हीवर पुन्हा रडका. शूरपणाची ही तात्पुरती नेमणूक मला कधीच पटली नाही.

आणि टीव्हीवर शुद्ध हिंदीत बोलून त्याने आमच्या हिंदीचं जे वाटोळं केलं ते वेगळंच. परभणीची हिंदी म्हणजे 'हौ', 'नक्को', 'कायकू' अशी, हैदराबादच्या राज्यात मुरलेली आणि तोंडाला चव आणणारी. ती सोडून आमच्या गल्लीतली लेकरं आईला म्हणतात, "माँ, मुझे क्षमा कर दीजिए." आई बिचारी घाबरते. लेकराला ताप आला की काय म्हणून कपाळाला हात लावून बघते.

तर अशा या कार्टूनमुळे माझ्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि ते मोडण्याचं किंवा जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं.

स्थळ ताडकळसचं होतं. मुलगा जनावरांचा डॉक्टर. दाखवण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी नाटकाच्या तालमीत होतो, त्यामुळे मी त्याला पाहिलेलं नव्हतं. पण पुतणी त्या दिवसापासून बदलली होती. तोवर आलेल्या प्रत्येक मुलाला तिने दोन वाक्यांत झोपवलं होतं. या वेळी तिने फक्त "बरा आहे" म्हटलं आणि आपल्या खोलीत जाऊन गुणगुणायला लागली. तिचं वय तिशीकडे झुकलेलं, त्यामुळे वहिनींनी ते गुणगुणणं ऐकून देवापुढे साखर ठेवली.

मग मध्यस्थाचा फोन आला. हे मध्यस्थ म्हणजे वहिनींचे लांबचे मामा, सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेली. माझ्या मोठ्या भावाने फोन कानाला लावला. भाऊ नगरपालिकेत कारकून होते, फोनवर बोलतानाही उभे राहतात.

"सगळं चांगलं हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा की मला फोन न घेताही ऐकू येत होता. "घरदार चांगलं, शेत हाय, नोकरी पक्की. मागून बोलणं नको म्हणून सांगायलोय, पोराला एक बारका नाद हाय."

"कशाचा नाद?"

"जपानी," मामा म्हणाले, आणि रेंज गेली.

आमच्याकडे 'छंद' सांगायचा असतो तेव्हा माणूस छंद म्हणतो. नाद म्हटलं की बाटली, पत्ते किंवा बाई. त्यात जपानी. आता जपानी म्हटल्यावर मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? रस्त्याकडेच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगवलेली तेलाची जाहिरात. ते तेल कशाला लावतात हे मी इथे सांगणार नाही, कारण भावाला वहिनींपुढेही ते सांगता आलं नाही. त्यांचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला.

"काय म्हणले मामा?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. रेंज गेली."

"नाद म्हणलेलं ऐकू आलं मला. कशाचा?"

"तू आत जा."

वहिनी आत गेल्या नाहीत. भाऊ अंगणात आले आणि मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तू ताडकळसला जा. नीट चौकशी काढ. तसलं काही असलं तर आजच नाही म्हणून कळवू."

खिडकीत पुतणी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी मोटारसायकल काढायला गेलो तेव्हा ती मागून आली. आयुष्यभर मला टोमणे मारत आलेली ही मुलगी त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली, "काका, जे असेल तेच येऊन सांगा. नाटक करू नका. बाबा तुमच्या एका शब्दावर हो नाही ठरवणार आहेत."

नाटक करू नका! मला! पण तिचे डोळे बघून मी नुसती किक मारली.

स्थळाची चौकशी ही आमच्याकडे एक कला आहे. गावात जायचं, हॉटेलात बसायचं, आपण कोण हे सांगायचं नाही, कुठल्यातरी खोट्या कामाचं निमित्त करायचं आणि चहाच्या घोटाघोटाने मुलाच्या सात पिढ्यांचं बाहेर काढायचं. त्या दिवशी ताडकळसचा बाजारच होता, म्हणून मी शेळी घ्यायला आलो असं सांगितलं. डोक्याला पंचा गुंडाळला, चाल बदलली, आवाज खर्जात नेला.

"शेळी दाखवून घ्यायला इथं डॉक्टर हाय का चांगला?" मी हॉटेलवाल्याला विचारलं.

"हाय की. लय गुणाचा माणूस. रात्री बोलवा, येतो."

"आणि नादबिद?"

हॉटेलवाल्याने माझ्याकडे जरा बारीक नजरेने पाहिलं. "शेळीला डॉक्टरच्या नादाचं काय करायचंय?"

"आपलं विचारलं."

"हाय एक. ते जपानी कार्टून हाय न्हाई का, त्याचे पिक्चर बघतो. समदे. नवा आला की नांदेडला जाऊन बघून येतो."

मी कप खाली ठेवला. खरं सांगतो, मला तेल परवडलं असतं. तेल माणूस लपवून ठेवतो. बत्तीस वर्षांचा बाप्या, अंगात कोपरापर्यंत म्हशीत हात घालायची ताकद, आणि तो त्या चौथीतल्या रडतोंड्यासाठी तिकीट काढून नांदेडला जातो?

मी तडक दवाखान्यावर गेलो. डॉक्टर बाहेर ओट्यावर एका कालवडीच्या पायाला पट्टी बांधत होता. धिप्पाड, सावळा, मिशीवाला. मी शेळीची थाप मारायला सुरुवात केली. ऐकत ऐकत त्याने पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि म्हणाला, "काका, शेळी घ्यायला आलेला माणूस शेळीचं तोंड उघडून दात बघतो. तुमी मघापासून माझे दात बघायलात. घरी चला, जेवायची वेळ झाली."

माझ्या तीस वर्षांच्या रंगभूमीवरील सेवेचा इतका अपमान कुणी केला नव्हता.

घरी त्याच्या आईने ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि त्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "जपानी नाद म्हणे तुम्हाला."

तो लाजेल असं मला वाटलं होतं. त्याने लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. "हा बघा. मग बोला."

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, कारण मी क्षणभरही गप्प बसलो नाही. समुद्राच्या तळाशी मुलं श्वास कसा घेतात, मी विचारलं. चपला ओल्या का होत नाहीत? मुलं दोन दिवस बेपत्ता आहेत, यांच्या आया काय करतात? सोबत एक गुबगुबीत बोलणारं जनावर होतं.

"हे कोणतं जनावर?" मी म्हणालो. "तुम्ही डॉक्टर, तुम्हीच सांगा."

"आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं."

"चारा काय खातं?"

"तुमच्यासारख्यांचं डोकं."

मधेच दारातून एका शेतकऱ्याने हाक मारली. म्हैस चारा खात नव्हती. डॉक्टरने पिक्चर थांबवला, त्याला औषध लिहून दिलं. तो जाता जाता पडद्याकडे बघून म्हणाला, "समुद्राचा लावला का? ह्याच्यात काय दम न्हाई. चंद्राचा दाखवा की पावण्याला." म्हणजे अख्खं गाव बिघडलं होतं.

पिक्चर पुन्हा सुरू झाला. शेवट जवळ आला. समुद्रातल्या मित्राचा निरोप सुरू झाला, पेटीसारखं काहीतरी वाजायला लागलं, सगळ्या मुलांच्या डोळ्यांतून बादलीभर पाणी. मी खवळलो. "समुद्राच्या आत बसून रडायलेत! कुणाला दिसणार?" असं म्हणून मी मोठ्याने हसलो आणि त्याच्याकडे वळलो.

डॉक्टर रडत होता. हुंदके नव्हते, तोंड वाकडं नव्हतं. मिशीत पाणी उतरत होतं आणि तो ते पुसत नव्हता. माझं हसणं ऐकून त्याने फक्त हात पुढे केला आणि आवाज वाढवला. मी आणखी मोठ्याने बोललो. त्याने आणखी वाढवला. शेवटी लॅपटॉपच जिंकला, कारण मला ठसका लागला.

पिक्चर संपल्यावर त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि मला पाण्याचा तांब्या दिला. "हे असं दरवर्षी होतं, याच जागी," तो म्हणाला. "पिक्चर काही फार चांगला नाही, मला कळतं."

"मग रडता कशाला?"

"रडू येतं म्हणून." आणि मग हसला. "काका, चौकशी आमच्याकडूनबी झाली. मुलीचे काका गणपतीच्या नाटकात राजा होतात, मरतात, आणि टाळ्या पडल्या की उठून मेल्याचा संवाद पुन्हा म्हणतात, असं कळलंय. तवा श्वासाचं तुमी विचारू नका."

ही माहिती खरी आहे. लोकांनी 'वन्स मोअर' दिला होता, मी काय करणार? पण ताडकळसपर्यंत ती पोचावी हे मला अपेक्षित नव्हतं.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ, वहिनी आणि पुतणी ओसरीत बसलेले. भाऊ उभे राहिले. "कशाचा नाद?"

माझ्यापुढे अख्खं प्रेक्षागृह होतं. मोठा विराम घ्यायचा मोह झाला, पण पुतणी माझ्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. मी विरामाशिवाय सांगितलं. "कार्टूनचा. ते जपानी, चौथीतलं. बाकी काही नाही. माणूस सरळ आहे."

वहिनींनी आधी श्वास सोडला, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांनाही तेलच वाटलं होतं हे तेव्हा कळलं. भाऊ मात्र खाली बसले. "कार्टून?" ते म्हणाले. "एवढा घोडा झाला तरी कार्टून? अरे, पत्ते असते तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. आता पाहुण्यांना काय सांगू? जावई काय करतात? म्हशी तपासतात आणि लेकरांचे पिक्चर बघतात?"

"आणि रडतो," मी म्हणालो. जे असेल तेच सांगायचं, असा मला हुकूम होता.

"रडतो?" भावाने कपाळाला हात लावला. "नाही म्हणून कळवतो मी."

"थांबा बाबा," पुतणी म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "तुमच्यापुढे रडला? तुम्ही समोर बसला असताना?"

"हो."

"आणि तुम्ही काय केलं?"

"हसलो. मोठ्याने."

"मग?"

"त्याने आवाज वाढवला."

माझ्यासमोर आजवर एकाही पुरुषाने डोळ्यांत पाणी येऊ दिलेलं नाही, स्वतःच्या बहिणीची पाठवणी करताना सुद्धा, हे तिला पक्कं माहीत होतं. घरात सगळे माझ्या जिभेला टरकतात. तिने बापाच्या हातातून फोन घेतला, डॉक्टरचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. तिचे कान लाल झाले होते.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "एक आधीच सांगते. मला ते कार्टून आवडत नाही. त्यातलं विज्ञान मूर्खपणाचं आहे. मी पोरांना ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवते, मी ते बघणार नाही."

पलीकडून त्याचा आवाज आला, "चालतंय. नका बघू. फक्त शेवटची दहा मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही."

पुतणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून तिला माझ्या मांडीवर बसवून मी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर थुंकायला शिकवलं होतं.

"मंजूर," ती म्हणाली. "त्या दिवशी काकांना बोलवायचं नाही."

भावाने माझ्याकडे बघितलं, मी आढ्याकडे. वहिनी साखरेचा डबा आणायला उठल्या होत्या.