अडीच एकराचे सहासष्ट किलो

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण बियाण्याचा अंदाज मले कोणी शिकवू नये. सोयाबीन एकरी तीस किलो. आमचं वावर अडीच एकर, म्हणजे पंच्याहत्तर. नातीच्या लॅपटॉपनं सहासष्ट सांगितले, तसा मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुयी मशीन खोटी बोलते."

"मशीन खोटं नाही बोलत, आबाजी."

"मग मी बोलतो?"

नात वणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. गावच्या शेतकरी गटाचं बियाणं एकत्र मागवायचं होतं. "बावीस वावरांची मागणी मी पायथनमध्ये, कॉम्प्युटरच्या भाषेत, प्रोग्राम लिहून काढून देते," असं तिनं भर बैठकीत सांगितलं होतं. कोणाचं वावर किती, ते मी कागदावर उतरवून तिले दिलं होतं. मागणीची यादी उद्या सकाळी जाणार. पेरणीले कोणाचं बियाणं कमी पडलं असतं, तर गावानं या पोरीवर पुन्हा भरवसा ठेवला नसता.

प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरचं कालच नवं अपडेट आलं होतं. त्यात म्हणे चूक शोधणं सोपं झालं. पाहिजे त्या शेतकऱ्याच्या नावापाशी प्रोग्राम थांबवता येतो, अन् प्रत्येक ओळीच्या बाजूले त्या घडीचा आकडा दिसतो. औत थांबवून मागं पडलेलं तास, नांगराची रेघ पाहावी, तसं. हे मले पटलं.

तिनं माझ्या नावावर थांबवलं. बाजूले दिसलं: क्षेत्र २.२.

"हे कुठून आणलं?"

"तुमच्याच यादीतून. पाहा, तुमचंच अक्षर हाय."

कागदावर २.२० होतं.

"अवं माय, हे दोन एकर वीस गुंठे! चाळीस गुंठ्यांचा एकर, वीस म्हणजे अर्धा."

तिनं कपाळावर हात मारला. "मी दशांश समजली! असं कायले लिहिता?"

"बापजाद्यापासून लिहून राह्यलो. तुया पायथनले शिकव."

तिनं शिकवलं. टिंबाच्या नंतरचे गुंठे वेगळे काढून चाळीसनं भागले. पंच्याहत्तर आले. मी मिशीवरून हात फिरवला.

"आता गुंठे चाळीस किंवा जास्त दिसले तरच थांब, असं सांगते."

"एवढे गुंठे कोण लिहिन?"

प्रोग्राम थांबलाच. शेजाऱ्याचं वावर, ३.५०. त्याच्या सुनेनं दिलेली चिठ्ठी मीच न विचारता उतरवली होती. सून शिकलेली, तिनं साडेतीन दशांशात लिहिलं असेल.

"अंदाज नका करू आबाजी, विचारून या."

मले जायची लाज वाटत होती. तरी चपला घातल्या.

"काहून बे, आज इकडं कसा?" शेजारी म्हणाला.

"तुयं वावर किती?"

"साडेतीन. म्हातारपणात इसरला का?"

"मले ठाऊक हाय. मशीनले पक्कं सांगा लागते."

घरी येऊन ३.२० करवलं. मग बावीसही वावरं निघून गेली, प्रोग्राम कुठंच अडला नाही. यादीखाली नातीनं आपलं नाव लिहिलं.

मी म्हटलं, "त्याच्याखाली मायं बी लिही. तपासणारा म्हणून."