सोवळ्यातली ठिणगी

अशी जवळ ये बघू. लांबूनच मान हलवतेस, आणि बाहेर जाऊन सांगतेस, "आजी विजेशी खेळायची." खेळायची? तपासायची, म्हण!

आमचे हे कॉलेजात रसायन शिकवत. तिथलं काचेच्या चाकांचं यंत्र त्यांनी दुरुस्तीला घरी आणलं. आपली हवा दमट, ते सारखं रुसे. काचा उन्हात तापवून चाक फिरवलं, की दोन पितळी गोळ्यांमध्ये ठिणगी कडाडे आणि तिखट वास सुटे. ह्यांनी भाताच्या कांजीत आयोडाइड कालवून कागद भिजवला, ठिणगीजवळ धरला. निळा झाला. "ओझोन! बाकी काही नाही," म्हणाले, आणि कॉलेजच्या मोठ्या गोऱ्या साहेबांना द्यायचा अहवाल लिहायला बसले.

मला पटेना. ह्यांची पुस्तकं अक्षर अक्षर लावून मीही वाचली होती. परसातल्या गोकर्णाच्या रसात मी कागद रंगवले. लिंबू लागलं की तो निळा रस जांभळा होतो, हे स्वयंपाकघरात कुणाला ठाऊक नाही? बंद बरणीत दोन तारा सोडल्या, ओला कागद टांगला, हात भरून येईतो चाक फिरवलं. कागद जांभळा! हवेतूनच आम्ल निघत होतं.

हे हसले. "अग, आत्ताच सांबार करून आलीस. चिंचेचा हात लागला असेल."

असं? दुसऱ्या दिवशी चुलीकडे फिरकलेच नाही. न्हाऊन सोवळं नेसले, कुणाला शिवू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आज कुठल्या देवाचं ग?" म्हटलं, "ठिणगीचं!" दोन बरण्या, एकाच रसातले दोन कागद. एकीत ठिणगी, दुसरीत नुसती हवा. ठिणगीतला जांभळा झाला, दुसरा निळाच.

"आता सांगा, माझी चिंच एकाच बरणीत कशी शिरली?"

ह्यांनी अहवाल पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "पण साहेबांना काय सांगू? बायकोनं सोवळ्यात तपासलं?"

"तेच सांगा."

'बाकी काही नाही' खोडून त्यांनी आम्ल लिहिलं. तपासलं कुणी, ते मात्र गाळलं. मी दौत ओढली आणि खाली मोडीत माझी सही ठोकली. साहेबांना मोडी येत नव्हती, तर न येवो! कागद तसाच गेला.

निघालीस? माझ्या शब्दावर जाऊ नकोस हं. येत्या शुक्रवारी ये, ते चाक नि बरण्या काढून ठेवते, स्वतः करून बघ, आणि मी चुकले असेन तर तोंडावर सांग.