बाहेर जाणारी पावलं

प्रिन्सिपल बाईंनी माझ्या हातात पावलांचं पाकीट दिलं, तेव्हा माझ्या घरी गौरी यायला दोन दिवस होते. पिवळी, प्लास्टिकची, जमिनीवर चिकटवायची पावलं. मार्चपासून बंद असलेली कॅनडातल्या विनिपेगमधली आमची शाळा सप्टेंबरात उघडणार होती. मुलांनी किती लांब उभं राहायचं, कुठल्या बाजूने आत यायचं आणि कुठल्या बाजूने बाहेर जायचं, हे त्या पावलांवरून कळणार होतं. मी तिथली केअरटेकर. झाडणं, पुसणं, बर्फ शोव्हल करणं हे नेहमीचंच होतं. त्या वर्षी रोगाला दाराबाहेर ठेवायचं कामही आमच्याच गळ्यात पडलं.

आम्ही दोघी होतो. दुसऱ्या ताई मूळच्या कोल्हापूरच्या, साठी ओलांडलेल्या, शुगरच्या पेशंट. दोन हजार सोळा साली मी कामाला लागले, तेव्हा हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं, बुटांबरोबर आत येणारं मीठ फरशीवरून कसं काढायचं ते त्यांनीच मला शिकवलं. आधी कोरडं झाडून घ्यायचं, मग पुसायचं. मी घाईने आधीच पाणी ओतायची आणि कॉरिडॉरभर पांढरे डाग पडायचे. "मॉप पिळतेस तशी जरा जीभही पिळत जा," असं त्या म्हणायच्या. माझा स्वभाव तापट, कामावर माझं कुणाशी धड पटलं नाही. ताईंशी पटलं, कारण माझं बोलणं त्या मनावर घ्यायच्याच नाहीत.

ऑगस्टच्या सुरुवातीलाच त्यांनी मला सांगितलं होतं, "मुलगा म्हणतोय, आता पुरे. शाळा उघडायच्या आत रिटायर हो. कागद भरून लॉकरमध्ये ठेवलाय."

यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आज कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "जा की. बावीस वर्ग आणि तेवढ्या खिडक्या, मी एकटी मरते इथे. तुमचं काय, तुम्ही सुटलात." आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जास्तीची बाकं आम्ही दोघींनी उचलून जिममध्ये नेली, तीसुद्धा मुक्याने. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातला घावन माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला आणि म्हणाल्या, "ख्रिसमसपर्यंत थांबते. झालं समाधान?" झालं. माझं अगदी समाधान झालं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मी घरी गुणगुणत गेले.

तर ती पावलं. मी गुडघ्यांवर बसून दारापासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत सगळा कॉरिडॉर संपवला. प्रिन्सिपल बाई आल्या, बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. दोन्ही बाजूंची झाडून सगळी पावलं आत येणारी होती. मला कळलंच नव्हतं. लहानपणापासून दारातून आत येणारीच पावलं काढत आले, हाताला तीच सवय. निम्मी उलटी करायला सांगून त्या गेल्या. मी एक पाऊल सोलून हातात घेतलं, पण दाराकडे तोंड करून ते लावायला हात होईना.

"तू नाही लावणार," ताई म्हणाल्या. "आण इकडे, मी लावते."

"ताई, बाहेर जाणारी पावलं अशी कुणी लावतं का?"

"अगं, पोरं संध्याकाळी घरी जाणारच ना? की ठेवून घेतेस त्यांना?"

त्यांचे गुडघे दुखायचे. तरी खाली फतकल मारून, सरकत सरकत, बाहेर जाणारी सगळी पावलं त्यांनीच लावली.

शाळा उघडली. मुलं आपली इवली पावलं त्या पिवळ्या पावलांच्या मधोमध ठेवून शहाण्यासारखी उभी राहायची. मास्क हनुवटीवर यायचे. दर दोन तासांनी वॉशरूम पुसायच्या, औषध फवारून दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. खिडक्या वीतभर उघड्या ठेवायच्या, आणि ऑक्टोबरातच असा वारा सुटला की मुलं वर्गात जाकिटं घालून बसायला लागली. नोव्हेंबरात एका वर्गात केस निघाली. तो वर्ग आम्ही दोघींनी मिळून धुतला. पुढच्या आठवड्यात ताई आल्या नाहीत. कुठून लागण झाली ते कुणालाच कळलं नाही.

हॉस्पिटलमध्ये कुणाला जाऊ देत नव्हते. एकदाच फोन झाला. धाप लागत होती, तरी त्यांनी विचारलं, "मीठ आधी झाडून घेतेस ना?" मी हो म्हणाले. माफी मागायची होती, पण म्हटलं, घरी आल्या की मागू. ख्रिसमस यायच्या आधीच त्या गेल्या.

त्यांचा मुलगा लॉकरमधलं सामान न्यायला आला. उंच, तिशीतला, इथेच वाढलेला. मी सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं: स्वेटर, चपला, डबा. स्वेटरच्या खिशात रिटायरमेंटचा तो भरलेला कागद होता. तोही मी घडी करून त्यात घातला.

त्याने कागद उघडून वाचला आणि परत त्याची घडी केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शी सेड यू वुड बी अलोन."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मला वाटलं, आता हा बोलेल, भांडेल, आणि मी ऐकून घेईन. बाहेर जायचा रस्ता कुठला, एवढंच त्याने विचारलं. मी खाली बोट दाखवलं.

आईने लावलेल्या पावलांवर पाय ठेवत, नियम पाळत, तो दारापर्यंत गेला. ती त्याच्या आईने लावली आहेत, हे त्याला सांगायचंही मला सुचलं नाही.