नाल्यापलीकडची मोजणी

माझी मुलगी झाडं मोजते, असं मी शेजारणींना सांगायची. ती हसून म्हणायची, "आई, मी झाडं मोजत नाही गं. दुसऱ्यांनी मोजलेली झाडं जुळवते." यात फरक काय, ते कळायला मला बरेच दिवस लागले. जळगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ती कानाला यंत्र लावून बसते, आणि पडद्यावर देशोदेशीची माणसं चौकटी-चौकटीत बसलेली असतात. मी आत मेथी निवडता निवडता ऐकते. इंग्रजी मला चार शब्दांच्या वर येत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

भांडण असतं झाड कशाला म्हणायचं यावरून. हसू नका. प्रत्येक देश आपलं जंगल आपापल्या रीतीनं मोजतो. कुणी मनगटाएवढं खोड झालं की झाड धरतो, कुणी मांडीएवढं झाल्याशिवाय धरतच नाही. खोडाची जाडी छातीच्या उंचीवर मोजायची हे सगळ्यांना कबूल, पण एका देशाची छाती दुसऱ्याहून चार बोटं खाली. विरळ रानाला एक जंगल म्हणतो, दुसरा पडीक. आणि वर बसून धोरण ठरवणाऱ्यांना तर सगळ्यांची मिळून एक बेरीज हवी, जंगल वाढलं की घटलं ते सांगणारी. तर ती बेरीज होईल असं करायचं, हे माझ्या मुलीचं काम.

एकदा त्यांचं मेलेल्या झाडांवरून चाललं होतं. जेवताना मी विचारलं, "मग काय ठरलं? मेलेलं मोजायचं की नाही?"

"काही देश मोजतात आई. उभं वाळलेलं, पडलेलं, नुसता बुंधा उरलेला, सगळं. काही देश फक्त जिवंत तेवढं."

"आणि फार बारकं असलं तर?"

"ते कुणाच्याच हिशेबात नसतं. वाढलं तर पुढं कधीतरी येतं."

मी पाण्याच्या निमित्तानं उठले. तिला काय ठाऊक, मी कशाला उठले ते.

आता ते सांगायलाच हवं. माझं माहेर फैजपूरकडचं, केळीतलं. लग्न करून आले ती धुळ्याच्या अंगाला, नरडाण्याहून आत, कापसाच्या गावात. तिथली बोली वेगळी, पाणी कमी, रानं उघडी. मला पहिली मुलगी झाली ती बारशाच्या आधीच गेली. नाव नव्हतं. नाव नसलेल्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बारसं नाही, म्हणून तेरावंही नाही. बाप आणि घरातला आणखी एक पुरुष, दोघं घेऊन जातात एखाद्या झाडाच्या बुडाशी, खाली मीठ घालतात, वर दगड आणि काट्याचे फांदे ठेवतात, आणि परत येतात ते मागं न बघता. कुठं ठेवलं ते आईला सांगत नाहीत. आईला कळलं तर ती तिथं जाईल, दुधाच्या वासानं बाळ मागं लागेल, आणि पुढचं मूल टिकणार नाही, असं म्हणतात. सासूबाईंनी माझ्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधली, दूध आटावं म्हणून. चार दिवस घरभर मोगरा आणि मी.

तिला नेलं नाल्यापलीकडं, एवढंच मला कळलं. त्या जागेला गावात नाव नाही. कुणी बोट दाखवत नाही. "त्या अंगाले" म्हणतात, झालं. तिथली फांदी कुणी तोडत नाही, बकऱ्या तिकडं वळल्या की पोरं लांबूनच दगड मारून वळवतात. मी मात्र रोज शेतात जाता-येता बघायची. आज ते पळसाचं असेल, उद्या वाटायचं तो वाकडा निंब. संसार झाला, पुढं दोन मुलं झाली, जळगावला आलो, पण गावी गेलं की पहिली नजर तिकडं. बरं, त्या झाडांनीही माझ्याकडं बघावं असं बघायची. भीती वाटायची, आणि भीती वाटली नाही तर करमायचं नाही. मालकांना एकदा विचारलं होतं. "जाऊ दे," म्हणाले. शेवटच्या दुखण्यात ते माझा हात धरून पडले होते तेव्हा जिभेवर आलं होतं, पण विचारवलं नाही. ते गेल्यावर ठिकाण माहीत असलेला एकच माणूस उरला, माझे धाकटे दीर. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. आता काठीशिवाय चालत नाहीत आणि कालचं आज विसरतात. मला एवढंच हवं होतं, त्यांच्या डोक्यातून ते पुसलं जायच्या आत ती जागा कळावी.

मग मुलीच्या लोकांनी ठरवलं की एकाच रानावर सगळ्या देशांच्या रीती लावून बघू. एकदा ह्या रीतीनं मोजायचं, एकदा त्या रीतीनं, म्हणजे कळेल की फरक किती पडतो. त्यासाठी मुद्दाम विरळ रानं निवडली, जिथं देशांचं पटत नाही तसलीच. ठिकाण संगणक काढतो. तिथं लोखंडाची खुंटी जमिनीच्या आत ठोकायची, वरून दिसू द्यायची नाही, तिच्याभोवती टेप फिरवून गोल आखायचा आणि त्यातलं झाड अन् झाड मोजायचं. ठिकाण कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

एके संध्याकाळी ती आली ती हाताला काट्यांचे ओरखडे घेऊन. चहासुद्धा मागितला नाही. म्हणाली, "आई, आपल्या गावी नाल्यापलीकडं काय आहे?"

माझ्या हातातलं भांडं पडलं नाही, पण ठेवलं कुठं ते नंतर सापडेना.

"का गं?"

"गावातला एकही माणूस आमच्याबरोबर येईना. मजुरी दुप्पट देतो म्हटलं तरी नाही. नानाकाका नाल्याच्या काठापर्यंत आले आणि तिथंच थांबले. म्हणे, 'तू आठे ऊनी हे तुन्ही मायले सांगजो नको.'"

"आणि तू आल्या आल्या सांगितलंस."

"मग! ते सांगू नको म्हणाले म्हणून तर विचारते."

मी सांगितलं. तिला थोरली बहीण होती हे तिला चाळिशीत कळलं. तिनं हातात रुतलेला एक काटा उपटून काढला. मग एकदम कामाचं विचारल्यासारखं म्हणाली, "कुठल्या झाडाखाली?"

"तेच तर मला माहीत नाही."

"पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या रीतीनं मोजायला जातोय. येतेस?"

"ठिकाण सांगायचं नसतं ना तुमच्यात?"

"तुला ते माझ्याआधीपासून माहीत आहे," ती म्हणाली.

निघताना मी डब्यात दूध घेतलं. घरी गाय नाही, म्हणून पिशवीचं. डबा पिशवीत खाली ठेवला, वर पोळ्या.

नाल्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू. गाडीतून उतरून मी वाळूत पाय ठेवला तर मागून हाक. "वहिनी!" नाना काठी टेकत येत होते, धोतराचा सोगा हातात. गावात पोचल्या पोचल्या कुणीतरी त्यांना कळवलंच असणार.

"वहिनी, बाया तठे जातस नही."

"नाना, मी आता बाई कसली? म्हातारी झाले."

"म्हातारी झायात तरी माय ती मायच शे."

"मग चला बरोबर. तुम्ही दाखवा, मी बघते, निघू."

ते जागचे हलले नाहीत. पण मी पुढं निघाले तशी काठी माझ्यामागं वाजायला लागली. पलीकडं गेल्यावर ते मधोमध उभे राहिले आणि चहूकडं बघू लागले, जसं लग्नाच्या गर्दीत आपलं माणूस शोधावं.

"अंजननं रोपडं व्हतं," म्हणाले. "मनगटएवढं. भाऊनी तेन्हा बुडलेच..." काठीनं जमीन चाचपली. मग म्हणाले, "पन आठे अंजन शेच नही. बठ्ठं बदली गयं, वहिनी. मी तं पोऱ्या व्हतू."

मुलीनं हातातल्या फळीवरचा मागच्या खेपेचा नकाशा बघितला. निंब होता, पळस होते, बाभळी होत्या. अंजन एकही नाही. "मागच्या वेळी सगळी जिवंत झाडं लिहिली काका. अंजन नव्हतंच."

नाना तिथंच दगडावर बसले. मला वाटलं, संपलं. आपल्याला उशीर झाला, त्यांच्या डोक्यातही आणि रानातही.

पण त्या दिवशीची रीत दुसऱ्या देशाची होती. त्या रीतीत मेलेलं लाकूडही लागतं, गुडघ्याएवढा बुंधासुद्धा. म्हणून मुलीबरोबरचे दोघं जण घाणेरीच्या जाळीत शिरून कोयत्यानं वाट करत होते. त्यातल्या एकानं आतून आवाज दिला, "मॅडम, बुंधा आहे एक. जुना. जाम कडक, कोयता वाजतोय."

मुलीनं जाऊन सालपट खरवडलं. आतलं लाकूड काळपट तांबडं. "अंजन," ती म्हणाली. कुठल्या दुष्काळात जनावरांच्या पाल्यासाठी कुणी तोडलं असेल, कोण जाणे. त्या जागेतलं कुणी तोडत नाही असं आम्ही म्हणतो खरं.

मी नानांकडं बघितलं. ते उठून उभे राहिले होते आणि बुंध्याकडं पाठ करून नाल्याकडं तोंड केलं होतं. मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

मी जाळीत शिरले. बुंध्याजवळ बसले. हात लावला तर ऊन लागून गरम. काय वाटलं ते विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. रडू आलं नाही. एवढंच मनात आलं, की किती लांब आणलं गं तुला, आणि किती जवळ होतीस.

मग मी डबा काढला.

"आई," मुलगी माझ्याजवळ बसून हळू म्हणाली, "इथं काही ठेवायचं नाही गं. दगडसुद्धा हलवायचा नाही. ही जागा निराळी आहे असं कळलं की लोक तिच्याशी निराळं वागतात. मग ती बाकीच्या रानासारखी राहत नाही आणि मोजणी वाया जाते."

"हे दूध आहे. मुरून जाईल."

तिनं डब्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "दुधाचं नियमात काही लिहिलेलं नाही," म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली, आधीच गुंडाळलेला.

दूध म्हटल्यावर नाना मात्र वळले. "दूध नको वहिनी! मांगे लागी जाई ती."

"लागू द्या," मी म्हणाले.

आणि ओतलं. माती कोरडी होती, क्षणात पिऊन गेली. नाना तरातरा नाला ओलांडून गेले, काठीचंसुद्धा भान नाही. जेवायलाही थांबले नाहीत.

परतीच्या वाटेवर मी गाडीत मागच्या सीटवर एका कडेला सरकून बसले. मुलीनं आरशातून बघितलं.

पण ती मागं आली नाही. खरं सांगते, मी वाट बघितली. दार उघडं ठेवून भांडी घासली. कुणी मागं उभं आहे असं वाटून वळले तर सिलिंडरवाला. आणि एक वाईटच झालं. आधी नाल्यापलीकडचं हरेक झाड तिचं होतं. पळस फुलला तरी ती, निंब हलला तरी ती. आता ती एका बुंध्याखाली आहे, घाणेरीत, आणि बाकीचं रान नुसतं रान झालं. इतकी वर्षं जी भीती वाटायची तीही गेली, आणि घर मोकळं मोकळं लागायला लागलं.

तिकडं मुलीच्या बैठकीत मेलेल्या लाकडाचा निकाल लागला. निम्म्या देशांकडं त्याचे आकडेच नाहीत, म्हणून सामाईक बेरजेत सध्या ते धरायचं नाही. ती बराच वेळ त्यांच्याशी भांडली, आवाज चढवून. मग आत आली आणि माझ्याजवळ ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आपल्या कागदात आहे आई. फक्त सगळ्यांच्यात नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. धोरण ठरवणाऱ्यांची काय चूक? त्यांना जे सगळ्यांकडं आहे तेच धरता येणार.

नानांचा मात्र फोन यायला लागला. आधी सणावारी यायचा, आता चार दिवसांआड. इकडचं तिकडचं, कापूस, गुडघे, आणि मग आवाज खाली आणून, "वहिनी, काही वाटस का?"

"काय वाटायचं?"

"घरमा... काही?"

"नाही नाना. काही नाही."

"बरं, बरं. चांगलं शे." सुटल्यासारखा श्वास टाकायचे. आणि मला त्यांचा राग यायचा. यांना सुटायचं होतं आणि मला नेमकं तेच नको होतं. दर वेळी फोन ठेवल्यावर वाटायचं, हा माणूस मला तिच्या नसण्याची हजेरी द्यायला लावतो.

परवा पुन्हा आला. पुढच्या खोलीत मुलीची बैठक चालू होती, मी दाण्याचं कूट करत होते. त्यांनी विचारलं, "काही वाटस का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. आली."

पलीकडं गावातली पिठाची गिरणी चाललेली तेवढी ऐकू येत होती. मी वाट बघत राहिले. आता म्हणतील भगताला बोलवा, उंबऱ्याला लिंबू बांधा, मी सांगितलं व्हतं तुमले.

नाना खाकरले. मग अगदी हळू, लहान मूल झोपलेल्या घरात बोलावं तसं, म्हणाले, "कशी शे?"

तिच्याबद्दल हे कुणी मला कधी विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, सासूबाईंनी नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही. मी मिक्सर बाजूला सारला, खुर्ची ओढून बसले आणि नानांना सांगायला लागले.