अप्पाराव गप्प बसले त्याची गोष्ट

हर्सूलचे अप्पाराव घरात बोलत नसत, घोषणा करत. सगळी उमर बसस्थानकाच्या माईकसमोर गेलेली. निवृत्त झाल्यावरही भामाबाईंनी चुलीवर पातेलं ठेवलं की आतून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, चहा उकळण्याच्या बेतात आहे." भामाबाई म्हणायच्या, "ह्यांच्या तोंडाला ब्रेकच नाय. डेपोतनंच तसे निघालेत."

अप्पारावांचा एक नेम होता. माईक गप्प झाला की लोक घाबरतात, गाडी चुकली म्हणून बाकड्यावरून उठतात. म्हणून दोन गाड्यांच्या मधे मोकळी जागा सोडायची नाही. पाकीट सांभाळा, केर टाकू नका, काहीबाही बोलत राहायचं.

हा आवाज औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्या शिवराजच्या कानावर गेला. तो एका सरकारी खात्यासाठी माहितीचे व्हिडिओ करायचा. बहिऱ्या माणसांसाठी खाली अक्षरं आली होती, कोपऱ्यात खुणांनी बोलणारी बाईही आली होती. आता ज्यांना दिसत नाही त्यांना चित्रात काय चाललंय ते सांगणारा आवाज हवा होता. पहिलाच व्हिडिओ गॅसचं सिलिंडर बदलण्याचा.

अप्पारावांनी हो म्हटलं ते शेजारच्या केसरबाईंसाठी. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. सैपाक, झाडलोट, सगळं त्या हातानं बघून करायच्या. गाडं अडायचं ते सिलिंडरपाशी. मागच्या खेपेला अख्खी गल्ली लग्नाला गेली आणि केसरबाईंनी केळी खाऊन दिवस काढले. तेव्हापासून सिल्लोडच्या लेकीनं धोशा लावला होता, घर बंद कर आणि इकडं ये.

"लेक वाईट नाय हो," केसरबाई म्हणायच्या, "पन तिच्या घरात मिठाचा डबा कुठंय ते विचारावं लागतं. इथं माझ्या हाताला समदं ठावं हाय."

अप्पारावांनी रेकॉर्डिंगमध्ये जीव ओतला. व्हिडिओ आला तसे मोबाइल घेऊन केसरबाईंच्या दारात हजर. मागोमाग भामाबाई, तमाशा बघायला.

"निळ्या साडीतली हसतमुख गृहिणी!" मोबाइलातले अप्पाराव गरजले. "भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, फळीवर लखलखीत स्टीलचे डबे..."

"रेग्युलेटर कुठवर आलं?" केसरबाईंनी विचारलं.

"येतंय, येतंय."

केसरबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा. कपाळाला आठी पडली.

"अप्पाराव, ते बसलं कधी?"

"कोण?"

"रेग्युलेटर हो. नीट बसलं की खट् वाजतं. डोळे होते तवा मीच बसवायचे. ह्यात खट् ऐकूच येत नाय."

"कसं यील?" भामाबाई म्हणाल्या. "खट् वाजलं तवा हे डब्यांचं कौतुक करत हुते!"

तिघंही हसले. पण घरी जाताना अप्पारावांचं हसू वाटेतच गळालं. स्थानकावर एक आंधळे गृहस्थ यायचे. इंजिनाच्या घरघरीवरून आपली गाडी ओळखायचे म्हणे. घोषणा सुरू झाली की मान वाकडी करून, तळहात कानामागं धरून उभे राहायचे. आपला आवाज ऐकतायत, असं अप्पारावांना वाटायचं. आज कळलं, ते आवाज संपायची वाट बघत होते.

सकाळी अप्पाराव स्टुडिओत.

"परत करू," म्हणाले.

"काका, आवाज तर झकास आलाय!" शिवराज म्हणाला.

"झकास हाय म्हनूनच घात झाला. मधे गप बसायचंय."

"मग मोकळं वाटतं हो. थोडं म्युझिक टाकू का?"

"टाकून बघ!"

नव्या निवेदनात साडी नव्हती, डबे नव्हते. बाबासाहेबही त्या एवढ्याशा बोलण्यातून बाहेर राहिले; त्यांना राग आला नसता, याची अप्पारावांना खात्री होती. "रेग्युलेटरभोवतीची कॉलर वर ओढा. रेग्युलेटर वरून दाबा. कॉलर सोडा. आता ऐका." आणि पुढं शांतता.

केसरबाईंनी तो पाठ होईस्तोवर ऐकला. मग सिलिंडर संपलं. त्यांनी अप्पाराव-भामाबाई दोघांनाही बोलावलं आणि उंबऱ्याबाहेरच उभं केलं. चाचपून दोरी ओढली, टोपण काढलं, रेग्युलेटरचं बटन बंद असल्याची खात्री केली. रेग्युलेटर तिरकं लागलं. अप्पारावांचं तोंड उघडलं. भामाबाईंनी डोळे वटारले. तोंड मिटलं. केसरबाईंनी रेग्युलेटर उचललं, अंगठ्यानं कड शोधली, कॉलर ओढून सरळ दाबलं, कॉलर सोडली.

खट्.

त्यांनी बटन चालू केलं, वाकून वास घेतला. मग शेगडी पेटवली, जाळावर लांबूनच तळवा धरला आणि लेकीला फोन लावला.

"घर बंद नाय करायचं गं. तूच ये जेवायला." फोन ठेवून त्या दाराकडं वळल्या. "अप्पाराव, हायेत का गेले? बोला की आता!"

अप्पारावांना नेमक्या त्याच वेळी एकही घोषणा आठवेना.