सातवं डोकं

देवाला, भुताला आणि माझ्या वडिलांच्या रागाला न भिणारी माझी मावशी जमिनीवर पडलेल्या पोराच्या कुडत्याला मात्र भ्यायची. दारातून आत येताच तिची नजर आधी माणसांवर नव्हे, जमिनीवर फिरायची. कुठे टोपी, कुठे भोवरा, कुठे भाकरीचा तुकडा दिसला की घरात साप निघाल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. ती आईची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला आणि ती शहापुरात माहेरी परत आली. आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही सहा भावंडं, घरात एक हातमाग, आणि रोज दिवेलागणीला मावशी हजर. भेटायला येते असं म्हणायची पद्धत होती. खरं तर ती झडती घ्यायला यायची.

आमच्या घरात तिने एक कायदा लावला होता. ज्याच्या त्याच्या हाताला पोचेल अशी प्रत्येकाची एक खुंटी आणि खुंटीला एक गाठोडं. त्यात दोन कपडे, एक कांबळं, एक वाटी. आम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मागावरच्या रंगीत सुताचे तुकडे खुंट्यांना बांधून दिले होते. माझं सूत हळदी रंगाचं. गाठोड्यात मावणार नाही ते घरात नको. धाकट्या बहिणीने एकदा गाठोड्यात बांगड्यांच्या काचा दडवल्या, तर मावशीने तिला समोर बसवून एकच ठेवायला लावली. "उद्या उंदीर पडला तर काचा येचत बसणार हाईस व्हय गं?"

उंदराचं नाव निघालं की आमची तोंडं बंद व्हायची. प्लेगची साथ तेव्हा फिरून फिरून यायची. घरात उंदीर मरून पडला की अख्खी गल्ली घाईघाईने दारं ओढून येळ्ळूरच्या बाजूच्या माळावर झोपड्यांत राहायला जायची. त्या पळापळीत एखादं पोर पसाऱ्याखाली मागे राहील, ही मावशीची धास्ती. सणाच्या दिवशीसुद्धा ती धास्ती तिच्या पोटातून हलत नसे.

आमच्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पोरं असलेलं कुठलंही घर तिला आपलंच वाटे. शेजारच्या काकूंचा माळा तिने एकदा भर दुपारी रिकामा करून अंगणात मांडला. त्यात तीन मोडके पाळणे निघाले आणि जी सासूने चोरली म्हणून काकूंनी तिच्याशी चार वर्षं अबोला धरला होता, ती पितळी परातही निघाली. काकू आधीच लाजेने लाल. "आक्का, हे माझं घर हाय का तुमची चावडी?" मावशी परात पुसत म्हणाली, "घरच हाय न्हवं. परात घावायला चार वर्सं लागली. पोर कवा घावायचं?"

आमच्याकडून निघण्यापूर्वी तिची दोन कामं ठरलेली. विणणारा पाय सोडून बसतो तो मागाखालचा खड्डा ती हात घालून चाचपून बघायची. वडील मागावर बसलेले असले तरीही. "आक्का, माझंच पाय हायत," ते बिचारे सांगायचे. मग आम्हाला ओळीत उभं करून डोक्यांवर हात ठेवत ती मोजायची, मोजत मोजतच स्वयंपाकघरात शिरायची आणि आतून "सात" असं ऐकू यायचं. आम्ही सहा! मावशीला मोजता येत नाही, ही आमची रोजची थट्टा होती.

मी नऊ वर्षांचा असताना एका सकाळी आमच्याच माळ्यावरून उंदीर पडला. वडिलांनी मागावरचा सुताचा धोटा खाली ठेवेपर्यंत आम्ही सहाही जण गाठोडी काखेला मारून दारात उभे होतो. काकू जातं घेऊन निघाल्या आणि तांदूळ विसरल्या. माळावर पोचताच मावशीने मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहा. मी हसून म्हणालो, "मावशी, आज बरोबर मोजलंस!" तिने मला एक थोबाडीत दिली. आयुष्यातली तेवढी एकच. "तुझी आई कुठाय रं?"

आई मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं कापून आणायला परत गेली होती. मावशी अनवाणी धावत सुटली, तिच्यामागे वडील, त्यांच्यामागे मी. आम्ही पोचलो तेव्हा मावशी मागाच्या खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी माती चाचपत होती, आणि परसातून आलेली आई काखेत लुगडं घेऊन काठावर उभी होती. "आक्का, वर बघ. मी हितं हाय. आता मी मोठी हाय गं."

त्या संध्याकाळी झोपडीत वडिलांनी आम्हाला सगळं सांगितलं. पहिल्या साथीत मावशी दहा वर्षांची होती आणि तीन वर्षांच्या आईला सांभाळणं तिच्याकडे होतं. आई गारव्याला आजोबांच्या मागाखालच्या खड्ड्यात झोपली, वर गाठोडी आणि वाकळा पडल्या, आणि निघताना ज्याला त्याला वाटलं, पोर दुसऱ्याच्या कडेवर आहे. दिवस मावळताना आजोबांनी तिला उपसून काढली. ती जिवंत होती, शेजारी दोन उंदीर मरून पडले होते. पुढे कितीतरी दिवस सगळे तिचं कपाळ चाचपत राहिले. आईला काहीच झालं नाही. मावशी मात्र त्या दिवसापासून मोजत होती. ते ऐकून मला माझ्या थट्टेची फार लाज वाटली.

पुढे बऱ्याच वर्षांनी आई साध्या तापाने गेली. तिचं दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी मावशी काठी टेकत आली. तिने खड्डा चाचपला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही सहाही जण, पोराबाळांचे धनी, ओळीत उभे राहिलो. तिने मोजलं. सहा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून परत आली. हात तसाच पुढे धरलेला.

मला ते बघवेना. मी माझ्या जागेवरून निघालो, सगळ्यांच्या मागून फिरून ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो आणि मान खाली घातली. मावशीचा हात डोक्यावर आला. माझं टक्कल तिला मघाशीच हाताला लागलं होतं. तिला कळलं नसेल असं कसं म्हणू? तरी तिने हात काढला नाही.

"सात," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."